एक नंबरची राखड

"संक्रांतीच्या आत ही राखड ओसरीतून गेली पाहिजे," आई म्हणाल्या. "चाळीस बाया येतील घरात. त्याहिले काय डोक्यावर घेऊ?"

मामाजी, म्हणजे माझे सासरे, अंगणात पाटावर बसून राखड चाळत होते. गळ्याला मफलर, कानाला फडकं, समोर तीन चाळण्या. त्यांनी नुसतं "हं" केलं. हात काही थांबला नाही.

"हं नाही. मारोती डाहुलेले सांगून ठेवलं मी. भोगीच्या सकाळी ट्रॉली घेऊन येते तो. वीटभट्टीवर नेते म्हणे, सारीच्या सारी."

आता मात्र चाळणी थांबली.

"सारी?" मामाजी म्हणाले.

"सारी."

मी बंबात कोळसा घालत होते. घालता घालता दोघांकडे आळीपाळीनं बघत होते आणि बोट भाजून घेतलं. लग्न होऊन मला महिनासुद्धा झाला नव्हता. मिरजेची मुलगी मी, एकदम वणीकडच्या कोळशाच्या मुलखात येऊन पडले होते. इथली थंडी हाडात शिरायची. सासू "येते" म्हणायची तेव्हा तो येतो की ती येते, हे कळायला मला आधी रस्त्याकडे बघावं लागायचं. त्यात ही राखड. ह्यांना खाणीतून कोळसा मिळायचा, त्यामुळे अंघोळीचा बंब कोळशावर, खोलीत ऊब धरायला सिगडी कोळशाची, आणि थंडीभर घरातून रोज बादलीभर राख निघायची. तिला इथं राखड म्हणतात. बाकीची घरं ती उकिरड्यावर टाकत. आमच्याकडे ती ओसरीत राहायला होती. तिन्ही भिंतींना लागून अकरा पोती, प्रत्येकावर गेरूनं आकडा घातलेला.

सासरी चौथ्या दिवशी मी ती बादली उकिरड्यावर नेऊन ओतली होती. सून कामाला वाघ आहे असं दिसावं म्हणून सगळे उठायच्या आत ओतली. परत येते तो मामाजी दारात. रागावले नाहीत, काही बोललेच नाहीत. रिकामी बादली माझ्या हातातून घेतली, उकिरड्यापर्यंत गेले, आणि ओतलेली राख फावड्यानं परत भरून आणली. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "शिकवा मला."

तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याशी बोलले. आधी जाड चाळणी. तिच्यावर राहतात ते अर्धे जळलेले खडे, ते उद्याच्या बंबात. मग पिठाची चाळणी, तिच्यावरची भरड अंगणातल्या चिखलावर टाकायला, ती तीन नंबर. खाली पडते ती दोन नंबर, पितळेच्या घागरी-पातेल्यांना. आणि दोन नंबर मलमलीतून गाळली की एक नंबर. चांदी घासा, आरसा पुसा, ओरखडा म्हणून येणार नाही.

"एकतीस वर्षं मी कोळसा वर काढला, शैला," ते म्हणाले. "वर काढून दिला न् विसरलो. जळल्यावर त्याचं काय होते, पाह्यलंच नव्हतं कधी."

ह्यांनी मला नंतर सांगितलं की रिटायर झाल्यावर बाबा सहा महिने भिंतीकडे तोंड करून बसून होते. जेवण समोर ठेवलं तर जेवायचे, नाही ठेवलं तर नाही. डॉक्टर झाले, देव झाले. मग एका सकाळी बंबाची राख काढताना त्यांना त्यात जिवंत कोळसा सापडला, आणि दुसऱ्या दिवशी ते आपणहून उठून चाळणी शोधायला लागले. "तेव्हापासून माणसात आहेत," हे म्हणाले, "ती राखड गेली तर काय होईल, मला विचारू नकोस."

मला नवऱ्यानं नुसतं विचारू नकोस म्हटलं होतं. काही करू नकोस म्हटलं नव्हतं.

बाराव्या तारखेला बाजारात तिळाच्या दुकानासमोर मारोती डाहुले ट्रॅक्टरला टेकून बिडी ओढत उभा होता. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाले, "मारोतीभाऊ, उद्या नका येऊ. आता नको म्हटलंय घरून. संक्रांत झाल्यावर बघू."

"बाईनं म्हटलं?"

"हो," मी म्हणाले. सासरी येऊन मी बोललेली ही पहिली साफ खोटी गोष्ट. घरी येईपर्यंत मला घाम फुटला होता, आणि थोडं हसूही येत होतं. त्या वयात मला भीती वाटली की हसू यायचं, हा माझा जुना रोग.

भोगीची सकाळ गेली, दुपार गेली. ट्रॉली आली नाही. आई दहादा फाटकापर्यंत जाऊन आल्या. मारोतीचा, त्याच्या ट्रॅक्टरचा आणि त्याच्या बापाचा उद्धार झाला. मामाजी अंगणात मान खाली घालून चाळत होते. मी तीळ भाजत होते, आणि एक घाणा करपवला.

"आता काय करायचं वो?" आईंनी कमरेवर हात ठेवून अकरा पोत्यांना विचारलं. मग माझ्याकडे वळल्या. "शैला, आडवी करा पोती. भिंतीशी लावा. वरून पांढऱ्या चादरी टाकू. बैठक म्हणून खपते."

गंमत म्हणजे त्या चादरी धुऊन, घडी करून कपाटाच्या वरच्याच कप्प्यात होत्या. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही. मी आणि मामाजींनी पोती आडवी केली. मामाजी प्रत्येक पोत्याला थोपटून म्हणत होते, "हळू, हळू, हे एक नंबर आहे." चादरी पडल्यावर ओसरी अशी झकास दिसायला लागली की जणू कोणाच्या लग्नाची बैठक.

संक्रांतीच्या दिवशी चार वाजता बायका यायला लागल्या. आणि सगळ्या काळ्यात. संक्रांत म्हणजे काळी साडी, हे मला का आठवलं नाही कोण जाणे. मीही काळ्यातच होते, शिवाय माझ्या आईनं मिरजेहून पाठवलेले हलव्याचे दागिने अंगावर. गळ्यात हलव्याचा हार, हातात हलव्याच्या बांगड्या, कानात हलव्याची फुलं. नव्या सुनेचं कौतुक. हललं की खळखळ वाजायचं.

पहिल्या आल्या शेजारच्या सिंधूताई लोणारे. सिंधूताई रोज सकाळी, आई भजनाला गेल्या की मागच्या दारानं डबा घेऊन यायच्या आणि मामाजींकडून दोन नंबर घेऊन जायच्या. पुढच्या दारानं आल्या की मात्र राखड हा शब्द त्यांना ठाऊक नसायचा. त्या बैठकीवर टेकल्या. पोतं खाली बसताना हलकासा फुस्स आवाज झाला. त्या थोड्या दचकल्या, पण नवी बैठक म्हणून गप्प बसल्या.

दहा मिनिटांत ओसरी भरली. फुस्स, फुस्स, फुस्स. शेवटी कोंडावारबाई आल्या. गावातल्या सगळ्यांत मोठ्या कापड दुकानाच्या मालकीण. त्यांचं मत म्हणजे गावाचं मत. आईंनी स्वतः हाताला धरून त्यांना मधल्या पोत्यावर बसवलं. अंगानं दांडग्या होत्या बाई. फुस्स जरा लांबला.

मी हळदीकुंकवाचं तबक घेतलं आणि सिंधूताईंपासून सुरुवात केली. सिंधूताई कुंकू लावून घ्यायला उठल्या, मग शेजारणीला तिळगूळ द्यायला वळल्या. आणि मी पाहिलं.

काळ्याभोर साडीवर, मागं, बरोब्बर बसण्याच्या जागी, राखाडी रंगाचा एक वाटोळा ठसा. भाकरीएवढा.

चादर पांढरी होती, तिच्यावर काही दिसत नव्हतं. दिसायचं ते साडीवरच. मी पुढच्या बाईला कुंकू लावलं, ती उठली, वळली. भाकरी. तिसरी उठली. भाकरी. मी ओठ दातात धरले, तर गळ्यातला हलव्याचा हार हलायला लागला आणि त्याचे दोन दाणे टपकन तबकात पडले.

"सूनबाई," एकीनं माझा पदर ओढला आणि कानाशी आली. "त्या सिंधूले सांग वो हळूच. मागं काईतरी लागलं तिच्या. बिचारीले मालूमच नाही."

मी सिंधूताईंकडे गेले. सिंधूताईंनीच मला जवळ ओढलं. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या हसू दाबून. "शैला, ती तुले आता काय म्हणून रायली होती? तिले म्हणा, आधी आपली साडी पाह्य."

प्रत्येकीला दुसरीचं दिसत होतं, स्वतःचं एकीलाही नाही. ओसरीत ज्या त्या बाईच्या चेहऱ्यावर तोच भाव, मोठ्या मनानं दुसरीची कीव करण्याचा. एक जण उठली की पाच जणी तिच्याकडे बघायच्या आणि मग माझ्याकडे बघून खुणा करायच्या. मी निरोप्यासारखी इकडून तिकडे फिरत होते. "तिला सांग." "हिला सांग." कोणाला काय सांगायचं राहिलंय ते माझ्या डोक्यात राहिना. माझे दागिने गळत चालले होते. एक बांगडी तर कोंडावारबाईंच्या पायाशी फुटली आणि तिचा चुरा झाला.

आई दाराशी उभ्या होत्या. त्यांना अजून काही कळलेलं नव्हतं. बायका इतक्या हसतमुख का आहेत याचंच त्यांना समाधान वाटत होतं. माझ्याकडे बघून त्यांनी भुवया उंचावल्या, म्हणजे किती छान चाललंय.

मग कोंडावारबाई वाण घ्यायला उठल्या. वाण म्हणून झाकणाचे छोटे प्लास्टिकचे डबे होते. त्यांनी आपला डबा घेतला, झाकण उघडून पाहिलं, लावलं, "छान आहे" म्हणाल्या, आणि परत बसल्या. म्हणजे, बसल्या म्हणायचं. सबंध भार त्यांनी एकदम टाकला.

पोत्याची शिवण उसवली.

आवाज फार मोठा नव्हता. पण चादरीच्या खालून राखाडी ढग उठला, तो कोंडावारबाईंच्या कमरेपर्यंत चढला, खांद्यापर्यंत गेला आणि त्यांच्या अंबाड्यावर जाऊन निवांत बसला. मी आईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक. दोन वर्षं त्या ज्याला भीत होत्या तेच झालं होतं, भर संक्रांतीला, चाळीस सवाष्णींसमोर, आणि तेही कोंडावारबाईंच्या अंगावर. माझं हसू जागच्या जागी आटलं. हे माझ्यामुळे झालं होतं. ट्रॉली येऊन गेली असती तर काहीच झालं नसतं.

तेवढ्यात अंगणाकडच्या दारातून मामाजी आत आले. बायकांच्या हळदीकुंकवात पुरुष माणूस! फडकं अजून कानालाच. सगळ्यांच्या तोंडाकडे न बघता त्यांनी सरळ पोत्याकडे पाहिलं.

"कोणतं फाटलं?" ते काळजीनं म्हणाले. "एक नंबर तर नाही ना?"

कोंडावारबाईंनी मांडीवर पडलेली राख चिमटीत धरली होती. कापडाच्या दुकानात जन्म गेलेली बाई. ती अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरवत राहिली, फिरवत राहिली.

"ही कुठली राखड?" त्यांनी विचारलं.

"आमच्याच बंबाची जी," मामाजी म्हणाले. "मलमलीतून गाळलेली."

"मलमलीतून." कोंडावारबाईंनी पुन्हा चिमूट घेतली. "माह्या घरी देवाची चांदी हिच्यानंच घासतात. दोन वर्षं झाले. आमची कामवाली रखमी आणून देते. काय म्हणते मेली, तिच्या मामाच्या गावाहून येते, डोंगरातून काढतात."

"रखमी?" मामाजींचा चेहरा उजळला. "रोज येते ना. मागच्या दारानं. चांगली पोरगी आहे, डबा आपला घरूनच आणते."

आधी सिंधूताई फुटल्या. हसल्या म्हणजे पोट धरून बसल्या, आणि बसल्या तशी त्यांच्या पोत्यानं पुन्हा फुस्स केलं. त्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं. चाळीस बायका एकदम उठल्या, चाळीस बायकांनी मान मागं वळवून आपापली साडी बघायचा प्रयत्न केला, आणि जे काही झालं त्याला हळदीकुंकू म्हणता येणार नाही. एकमेकींच्या पाठी झटकताझटकता ढगावर ढग उठले. कोणी शिंकतंय, कोणी भिंतीला टेकून हसतंय. आणि त्यातच एकेक कबूल व्हायला लागली. मीही नेते जी, मागच्या दारानं. मीही. तू पण? मला वाटलं मी एकटीच.

"पण सणाच्या दिवशी राख," एक म्हातारी कुरकुरली, "सवाष्णीच्या अंगावर?"

"देवळातून अंगारा आणतो तो काय बुंदीचा चुरा असते का वो?" कोंडावारबाई म्हणाल्या. त्यांनी आपला वाणाचा डबा उघडला आणि मामाजींपुढं धरला. "भरा. एक नंबर. आता पुढच्या दारानं नेते मी."

मामाजींनी आईंकडे पाहिलं. डबा हातात होता, पण हात पुढं होत नव्हता. सगळ्यांनीच आईंकडे पाहिलं. आईंनी पदर तोंडावर धरला होता, त्यामागं काय चाललंय ते कळत नव्हतं. मग त्यांनी पदर खाली घेतला.

"द्या ना," त्या म्हणाल्या. "वाण आहे. नाही म्हणू नये."

त्यानंतर तासभर मामाजी जितकं बोलले तितकं ते आयुष्यात बोलले नसतील. कोणाकडे पितळ जास्त, कोणाकडे चांदी, कोणाच्या दाराशी चिखल होतो, विचारून विचारून त्यांनी डबे भरले. डबे संपले तर बायकांनी रुमाल पुढं केले. एकीनं तर पिशवीतला तिळगूळ तोंडात कोंबून पिशवी रिकामी केली. एकमेकींच्या नंबराकडे हेव्यानं बघत, काळ्या साड्यांवर राखाडी भाकरी मिरवत, चाळीस जणी आमच्या फाटकातून हसत बाहेर पडल्या. रस्त्यानं जाणारी सायकल थांबवून एक माणूस बराच वेळ त्यांच्या पाठमोऱ्या मिरवणुकीकडे बघत होता.

दिवेलागण झाली. ओसरीत सात पोती पार चपटी होऊन पडली होती. माझ्या गळ्यात हलव्याच्या हाराचा दोराच काय तो शिल्लक होता. मामाजी अंगणात होते. एका पोत्यावर बसून उरलेली राखड चाळत होते, आणि गुणगुणत होते. त्यांना गुणगुणताना मी कधी ऐकलं नव्हतं.

मला राहवेना. आईंच्या मागं स्वयंपाकघरात गेले.

"आई, मला एक सांगायचंय. मारोतीभाऊ आले नाहीत ना, ते माझ्यामुळे. मीच त्यांना नको म्हटलं होतं. तुमच्या नावानं खोटं बोलले."

आई भांडी लावत होत्या. त्यांनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"मालूम आहे," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी संध्याकाळी येऊन विचारून गेला तो मले. सूनबाई नको म्हणते, खरं का? मी म्हटलं, खरं."

दहादा फाटकापर्यंत घातलेल्या खेपा, मारोतीच्या बापाचा उद्धार, धुऊन वरच्याच कप्प्यात ठेवलेल्या चादरी, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं.

"मग मला बोलला का नाहीत?"

"काय बोलू? शब्द माह्या तोंडून गेला होता. मागं घ्यायचा कसा, चार दिवस मले झोप नव्हती. त्याहिचं तोंड पाह्यलं का तू, ट्रॉली म्हटलं तेव्हा? पुन्हा त्या भिंतीसमोर बसले असते तर मी काय केलं असतं?" त्यांनी शेवटचं पातेलं पालथं घातलं. "माह्याच्यानं होत नव्हतं. तुह्याच्यानं झालं. मी गप रायली."

मला रडू आलं आणि हसूही आलं, दोन्ही बरोबर. आईंनी पदरानं हात पुसले आणि त्या अंगणात गेल्या. मी दारात थांबले. दिवसभर त्या एकदाही बसल्या नव्हत्या, हे मला तेव्हा दिसलं. पाठीमागून त्यांची काळी साडी स्वच्छ होती, सबंध गावात तेवढी एकच.

त्या मामाजींच्या पोत्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"राखड लागेल," मामाजी म्हणाले.

"साऱ्या गावाले लागली," आई म्हणाल्या. "मीच तेवढी कोरडी रायली. सरका."

मामाजी सरकले.